दातांचा जमाखर्च



मागच्या महिन्यात बस्तीत मूलाचाराचा स्वाध्याय चालू होता. वट्टकेर आचार्यांनी सांगितलेले मुनींचे अठ्ठावीस मूलगुण वाचून झाले. पाच महाव्रतं, पाच समिती, पाच इंद्रियनिरोध, सहा आवश्यकं आणि शेवटचे सात. केशलोच, अचेलकत्व, अस्नान, भूमिशयन, अदंतधावन, उभं राहून आहार आणि एकभुक्त. अदंतधावनावर आल्यावर एका नव्या सुनेनं हळूच विचारलं, "काकू, दात घासायचेच नाहीत, मग ते टिकतात कसे हो?" दोघी-तिघी हसल्या. एका आजींनी डोळे वटारले. मला प्रश्न रास्त वाटला. लहान असताना मीही आईला तोच विचारला होता आणि पाठीत धपाटा खाल्ला होता.

व्रत हे व्रत असतं. देहाचा शृंगार नको, मुखातल्या जीवांची विराधना नको, हा त्यामागचा भाव. त्याला दंतवैद्याचं सर्टिफिकेट लागत नाही, आणि मी ते आणायलाही निघालेली नाही. पण त्या सुनेच्या प्रश्नानं मला दुसरीकडेच नेलं. माझ्या थोरल्याच्या दातांकडे.

तो १९८५ चा. आमचा शिरोळ तालुका म्हणजे उसाचं रान. घरात साखरेला आणि गुळाला कधी तोटा नव्हता. रात्री तो रडला की मी दुधाच्या बाटलीत दोन चमचे साखर घालून ती त्याच्या तोंडात द्यायची. बाटली तोंडात धरूनच तो झोपायचा. तीन वर्षांचा होईपर्यंत वरचे चार पुढचे दात तपकिरी, मग काळे, मग नुसते खुंट. एके दिवशी गाल सुजला, ताप भरला आणि चारही काढावे लागले. खालचे दात मात्र शाबूत होते. डॉक्टर म्हणाले, बाटली चोखताना जीभ खालच्या दातांवर येते, त्यामुळे ते झाकले जातात. सगळं दूध वरच्यांवर साचतं. सात वर्षांचा होईस्तोवर पोरगं प्रत्येक फोटोत ओठ मिटून उभं आहे.

गंमत बघा, त्या तीनही वर्षांत सूर्यास्तानंतर मी स्वतः घोटभर पाणीदेखील घेत नव्हते. माझं रात्रिभोजन त्यागाचं व्रत निर्मळ चाललं होतं, आणि शेजारी झोपलेल्या लेकराच्या तोंडात रात्रभर साखर ठिबकत होती. लहान मुलाला नियम नाही हे मला ठाऊक होतं. दातांना कुठला नियम असतो, ते ठाऊक नव्हतं.

आता नातीचे दात आले आहेत, म्हणून गेलं वर्षभर मी या विषयावर मिळेल ते वाचते आहे. सून आणून देते, मी चष्मा लावून बसते. बी.कॉम. झालेल्या बाईला इतिहास वाचताना एकच खोड असते, हिशेब कुठे चुकला ते शोधायची.

सुरुवात आपल्याच शब्दापासून करते. संस्कृतात शर्करा म्हणजे मुळात खडे, वाळू, रेव. उसाचा रस आटवून दाणेदार केला तेव्हा त्या दाण्यांनाही तेच नाव मिळालं. हाच शब्द इराण, अरबस्तान करत युरोपात गेला आणि शुगर झाला. आपल्या खंडाचं झालं कँडी. सिकंदराबरोबर आलेल्या ग्रीकांना इथला ऊस पाहून नवल वाटलं, म्हणजे मधमाशीवाचून मध देणारा हा बोरू कसला! मध न खाणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यात नवल वाटायचं काही कारण नव्हतं.

आणि सुश्रुतसंहितेत दातांच्या रोगांत एकाचं नाव आहे दंतशर्करा. दातांवर खड्यासारखं कडक होऊन बसणारं किटण. आजचे डॉक्टर जे खरवडून काढतात तेच. त्याच यादीत कृमिदंत आहे, म्हणजे काळा पडलेला, पोखरलेला, ठणकणारा दात. हिरड्यांच्या रोगांत शीताद आहे, ज्यात रक्त येतं आणि हिरडी कुजत जाते. दात आणि दाताचं मूळ यांचे रोग सुश्रुतानं वेगळे मांडले, हे मला फार शहाणपणाचं वाटलं. आपण आजही दोन्हीला मिळून "दात दुखतोय" एवढंच म्हणतो.

दातात किडा असतो ही समजूत फक्त आपलीच नव्हे. बाबिलोनच्या मातीच्या विटांवर ती आहे, चीनमध्ये आहे, युरोपात तर अठराव्या शतकापर्यंत होती. माझ्या लहानपणी गावात एक बाई कानात औषध घालून दातातले किडे काढून दाखवायची. पांढरे, वळवळणारे. कुठून आणायची देव जाणे. पिएर फोशार नावाच्या फ्रेंच दंतवैद्यानं १७२८ साली मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यानं हा किडा नाकारला आणि बोट ठेवलं ते साखरेवर. त्याच्याही आधी, १५९८ मध्ये, एका जर्मन प्रवाशानं इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ पाहिली आणि तिचे दात काळे असल्याचं लिहून ठेवलं. फार साखर खाल्ल्यानं इंग्रजांना हा दोष होतो, असंही त्यानं नोंदवलं. तेव्हा साखर तिकडे राजवाड्यापुरतीच होती. म्हणजे किडके दात हे श्रीमंतीचं लक्षण. गरिबाला ते परवडतच नव्हते.

पुढे ते सर्वांना परवडू लागले, आणि कोणाच्या जिवावर ते आपण विसरू नये. वेस्ट इंडिजच्या बेटांवर आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांना राबवून इंग्लंडात साखर स्वस्त झाली. १७९१ च्या सुमाराला तिकडच्या घराघरांतून गुलामांच्या साखरेवर बहिष्कार पडला. लाखो लोकांनी चहात साखर घालायची सोडली, आणि घरात काय येणार ते ठरवणाऱ्या बायकाच असल्यानं त्यात बायका पुढे होत्या. काहींनी वेस्ट इंडिजची साखर सोडून हिंदुस्थानातून आलेली घेतली. आपण ज्याला कृत, कारित, अनुमोदना म्हणतो, त्यातली तिसरी पायरी त्या बायकांना कोणी न शिकवता कळली होती. पण १८७४ मध्ये इंग्लंडनं साखरेवरचं आयातशुल्कच काढून टाकलं, आणि मग गिरणी कामगाराच्या पोरालाही पाव-मुरांबा आणि गोड चहा मिळू लागला. त्याबरोबर कीडही.

इकडे आपल्याकडे गूळ होता, खडीसाखर होती, पण पांढरी साखर सणासुदीची. १९३२ मध्ये सरकारनं साखरधंद्याला संरक्षण देणारा कायदा केला आणि देशात तीसेक कारखाने होते ते चार-पाच वर्षांत शंभराच्या वर गेले. त्यात आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांचा रावळगावचा कारखाना १९३३ चा. मग १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला आणि पुढे आपल्या भागाचं नशीबच पालटलं. माझ्या माहेरचं घर उसावर बांधलं, माझं शिक्षण उसावर झालं. तेव्हा साखरेला शिव्या द्यायला मी बसलेली नाही. अण्णा असते तर म्हणाले असते, जिच्यावर शिकलीस तिच्यावरच लिहितेस व्हय!

आता मूळ मुद्दा. साखरेनं दात किडतो म्हणजे नेमकं काय होतं? हे कळलं १८९० च्या सुमाराला. विलोबी मिलर नावाचा अमेरिकन माणूस बर्लिनमध्ये काम करत होता. त्यानं दाखवलं की तोंडातले सूक्ष्म जीव साखर-पिठाचं आम्ल करतात आणि ते आम्ल दातातला चुना विरघळवतं. म्हणजे सुश्रुताचा कृमी अगदीच खोटा नव्हता, फक्त डोळ्यांना दिसणारा नव्हता. पुढे १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन यांनी साखरेच्या पाण्यानं चूळ भरल्यावर दातावरचं आम्ल मोजलं. काही मिनिटांतच पीएच ५.५ च्या खाली जातो. त्याखाली दात झिजू लागतो. मग लाळ हळूहळू ते आम्ल निवळते, पण त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. त्यानंतर लाळेतलेच क्षार दातात परत भरले जातात.

मैत्रिणींनो, हे वाचलं आणि मला खातेवही दिसली. प्रत्येक वेळी गोड खाल्लं की नावे. मधल्या रिकाम्या वेळात जमा. रक्कम किती यापेक्षा नोंदी किती, याला महत्त्व. पुरणपोळीच्या जेवणात वाटीभर गूळ एका बैठकीत पोटात गेला, तरी नावे नोंद एक. आणि दिवसभर येता-जाता तोंडात टाकलेली चिमूटभर गोड बडीशेप, खडीसाखर, दहाचा चहा, चारचा चहा, पाहुण्यांबरोबरचा तिसरा चहा, या सहा-सात नोंदी. रात्री लाळ जवळजवळ सुकते, म्हणजे जमेची बाजूच बंद. त्या वेळी तोंडात साखरेची बाटली... पुढचं सांगायला नको.

रकमेपेक्षा नोंदी महत्त्वाच्या, हे पक्कं कसं ठरलं, ती गोष्ट सांगायलाच खरं तर मी हा लेख घेतला. ती वाचून मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

स्वीडनमध्ये लुंड शहराजवळ व्हिपेहोल्म नावाचं इस्पितळ होतं. मतिमंद माणसांचं. ज्यांना काही शिकवता येणार नाही असा शिक्का मारलेला, अशांचं. १९३० च्या दशकात स्वीडनमध्ये जवळजवळ प्रत्येकाचे दात किडलेले असत. सरकारला कारण हवं होतं. १९४५ मध्ये व्हिपेहोल्ममध्ये प्रयोग सुरू झाले, आधी जीवनसत्त्वांचे. १९४७ पासून साखरेचे. शेकडो रुग्णांचे गट पाडले. एका गटाला साखर जेवणाबरोबर, पाण्यात विरघळवून. एकाला गोड पाव. एकाला चॉकलेट. आणि काहींना जेवणांच्या मधल्या वेळात टॉफी, दिवसाला आठ किंवा चोवीस. ही टॉफी मुद्दाम दाताला चिकटून राहील अशी बनवून घेतली होती. खर्चाला सरकारबरोबर साखर आणि मिठाईच्या धंद्यातल्यांचेही पैसे होते. रुग्णांना कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांना ते कळलं नसतं, आणि त्यांच्या वतीनं नाही म्हणणारंही कोणी तिथे नव्हतं.

निकाल लख्ख निघाला. जेवणाबरोबर भरपूर साखर घेणाऱ्यांची कीड थोडीच वाढली. मधल्या वेळात चिकट टॉफी खाणाऱ्यांचे दात झपाट्यानं गेले. टॉफी बंद केल्यावर नवी कीड पुन्हा कमी झाली, पण गेलेले दात गेलेच. ज्याला दुखतंय हेही नीट सांगता येत नाही, अशा माणसाचा दात ठणकतोय आणि कोणीतरी कागदावर आकडा लिहितंय, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. त्या प्रयोगातले एक संशोधक बू क्रासे यांनी पन्नास वर्षांनी मागे वळून त्यावर लिहिलं, तेव्हा त्याची चर्चा नैतिकतेच्या अंगानंही होत होती.

हा अहवाल १९५४ मध्ये छापून आला. माझा जन्म १९६० चा, लेकाचा १९८५ चा. म्हणजे मी बाटलीत साखर ढवळत होते, तेव्हा तीस वर्षं ही गोष्ट जगाला माहीत होती. एवढी किंमत देऊन मिळालेली, आणि किंमतही दुसऱ्यानंच मोजलेली. ती माझ्या स्वयंपाकघरापर्यंत पोचली नाही. पोचली असती तर मी काय केलं असतं? ते ज्ञान घेणं म्हणजे त्या हिंसेला अनुमोदना का? मी महाराजांना विचारलं नाही, पण माझ्यापुरतं एवढं ठरवलं, की ते दात फुकट जाऊ द्यायचे नाहीत. म्हणून तुम्हाला सांगते आहे.

स्वीडननं त्यातून एक साधी रीत काढली. मुलांना गोळ्या-चॉकलेट आठवड्यातून एकदाच, शनिवारी, हवं तेवढं. बाकी सहा दिवस काही नाही. ती रीत तिथे आजही घराघरांत आहे. पुढे फ्लोराइडची पेस्ट आली, शाळांतून दात तपासणं आलं, त्या सगळ्यानं मिळून तिथल्या मुलांचे दात सुधारले. सगळं श्रेय शनिवारला देणं बरोबर नाही.

दुसरी एक गोष्ट मला फार आवडली, कारण ती आपल्यासारख्या ताटाची आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या बाउरल गावी होपवुड हाउस नावाचं बालगृह होतं. १९४० च्या दशकात तिथे ऐंशीच्या आसपास मुलं वाढली. मांसाहार नाही. दूध, भाज्या, फळं, सुकामेवा, कोंड्यासकट पिठाचा पाव. पांढरी साखर आणि मैदा जवळजवळ नाहीच. दंतवैद्यांनी त्यांना वर्षानुवर्षं तपासलं. त्याच राज्यातल्या इतर मुलांच्या मानानं त्यांना कीड फारच थोडी होती. पण बारा-तेरा वर्षांची झाल्यावर ती मुलं बाहेर पडली, चारचौघांसारखं खाऊ लागली, आणि त्यांचे दात चारचौघांच्याच वेगानं किडू लागले. लहानपणीच्या पुण्याईवर पुढे निभावत नाही, असा याचा अर्थ. आणखी एक, त्या मुलांचं दात घासणं यथातथाच होतं, आणि त्यांच्या हिरड्या काही चांगल्या नव्हत्या. आहारानं दात वाचले, हिरड्या नाहीत. सुश्रुताच्या दोन याद्या आठवतात का?

हिरड्यांना अन्नातून मुख्यतः काय लागतं, ते खलाशांनी मरून शिकवलं. दोन-तीन महिने ताजं काही न मिळाल्यावर त्यांच्या हिरड्या सुजायच्या, रक्त यायचं, दात हलायचे. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरनं बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळं औषध दिलं. संत्री आणि लिंबू मिळालेले दोघे सहा दिवसांत उठले. तरी इंग्रजी आरमारानं लिंबाचा रस सरसकट द्यायला १७९५ उजाडलं. सरकारी काम सगळीकडे सारखंच.

काही जणी विचारतात, अष्टमी-चतुर्दशीला हिरवं नाही, चातुर्मासात पालेभाजी नाही, मग आपल्या हिरड्यांचं काय? घाबरू नका. एखाद्या तिथीनं काही होत नाही, हा रोग महिनोन्‌महिन्यांच्या उपाशीपणाचा. इतर दिवशी आपल्या नियमात बसत असेल तसं लिंबू, आवळा, पेरू घ्या. पेरूत संत्र्याहून जास्त क जीवनसत्त्व असतं. आणि हिरडीतून रक्त येतंय म्हणून नुसता आवळा खात बसू नका. बहुतेक वेळा कारण दाताच्या कडेला साचलेली घाण हेच असतं, ती डॉक्टरकडूनच काढून घ्यावी लागते. मशेरीबद्दल आज लिहीत नाही. ज्या लावतात त्यांना मी कोणाला म्हणतेय ते कळलं असेल.

आता त्या सुनेचा प्रश्न. पुढच्या स्वाध्यायाला मी तिला खातेवहीच मांडून दाखवली. दिवसातून एकदा आहार. पाणीही त्याच वेळी. कित्येक मुनी-आर्यिकांचा रसत्याग असतो, सहा रसांत गूळ-साखरही येते. आहार संपला की प्रासुक पाण्यानं चूळ. नावे नोंद दिवसाला एक, बाकी तेवीस तास जमा. "तू-मी काय करतो?" तिला म्हटलं, "दोन वेळा ब्रश आणि नऊ वेळा चरणं." आपण गृहस्थ, आपल्याला अदंतधावन सांगितलेलं नाही, तेव्हा ब्रश सोडायचा विचार कोणी मनात आणू नये. डोळे वटारणाऱ्या आजी या वेळी हसल्या. त्यांच्या तोंडात आता सगळा सेटच आहे.

एक मात्र खरं. आपण पाकिटावरचा हिरवा ठिपका शोधतो, जिलेटीन नाही ना ते भिंग लावून वाचतो, आणि त्याच पाकिटातली चिकट गोळी पोराच्या हातात निर्धास्त ठेवतो. मीही ठेवलीच की.

नातीसाठी आम्ही शनिवारचा डबा केला आहे. पत्र्याचा, निळ्या झाकणाचा. आठवडाभर जो कोणी खाऊ देईल तो त्यात जातो, आणि शनिवारी दुपारी जेवणाच्या पाठोपाठ डबा उघडतो. तिचा बाप, आता चाळिशीचा, तोही हात घालतो. मागे शनिवारी चतुर्दशी आली. तिनं सकाळीच कॅलेंडर काढून आणलं आणि विचारलं, "आज्जी, आज तुझा उपास, पण डबा माझा आहे ना?" मी म्हटलं, तुझाच. मग तिनं चार गोळ्या मोजून घेतल्या आणि पाचवी माझ्या नावानं रविवारसाठी बाजूला काढून ठेवली.